श्रीरामपूरची सनद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



श्रीरामपूर हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे प्रवरेचे कालवे आणि उसाने लादलेल्या गाड्या उभ्या राहतात. मला ज्या श्रीरामपूरविषयी बोलायचे आहे, ते आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले आहे. कोलकात्याच्या उत्तरेस पंचवीसएक किलोमीटरवर, हुगळीच्या पश्चिम तीरावर हे गाव वसले आहे. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे सेरामपूर झाले आणि डेन्मार्कच्या अमलात ते फ्रेडरिक्सनगर म्हणूनही ओळखले गेले. समोरच्या काठावर बराकपूर. १८५७च्या मार्चमध्ये मंगल पांडे यांनी ज्या छावणीत बंदूक उचलली ती पैलतीरी, आणि ज्या संस्थेची हकिगत मी सांगणार आहे ती ऐलतीरी. मध्ये केवळ नावेचा प्रवास आहे.

एका लहानशा ख्रिस्ती विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि त्याचे धोरण, असा विषय मी निवडला तेव्हा आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या. ते स्वाभाविक आहे. मिशनऱ्यांविषयी आपण पुष्कळ बोलतो, पण ते बहुधा धर्मांतराच्या घटना, आकडे आणि कायदे यांच्या संदर्भात. खेड्यापाड्यांत जो पाद्री येऊन राहतो तो काय शिकून तयार होतो, किती वर्षे शिकतो, त्याची परीक्षा कोण घेतो आणि त्याला पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न आपल्या बैठकीत कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. प्रतिपक्षाच्या किल्ल्याचा तट किती उंच आहे हे आपण मोजतो. त्याच्या आतली धान्याची कोठारे मात्र कधी पाहत नाही.

एक साल लक्षात ठेवा, १८१८. त्या वर्षी ३ जूनला दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि पेशवाई संपली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ जुलैला, श्रीरामपुरात विल्यम कॅरे, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तीन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी एका कॉलेजचे परिपत्रक प्रसिद्ध केले. आशियातील ख्रिस्ती व इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान यांचे शिक्षण देणारे कॉलेज, असे त्याचे वर्णन होते.

या तिघांचा पूर्वेतिहास थोडा सांगणे अवश्य आहे. कॅरे हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा मनुष्य. भाषा शिकला त्या स्वतःच्या हिमतीवर. १७९३ साली तो बंगालमध्ये आला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. व्यापारात धर्माचा बखेडा तिला परवडणारा नव्हता. म्हणून १८०० साली या मंडळींनी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यातील श्रीरामपुरात आसरा घेतला. तेथे छापखाना काढला. पुढे कॅरेला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापकाची नोकरी मिळाली. तो बंगाली आणि संस्कृत शिकवी, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे मराठीही शिकवी. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश. या कामी त्याला वैजनाथशर्मा या नागपूरकडच्या पंडिताचे साहाय्य होते. पंडित हिंदू, छापखाना मिशनऱ्यांचा आणि पगार कंपनीचा. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासातील ही वस्तुस्थिती आहे. ती आवडो वा न आवडो, नोंदवली पाहिजे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे कॉलेज विद्येच्या निरपेक्ष प्रेमातून निघाले नव्हते. हिंदू समाज ख्रिस्ती व्हावा हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. वॉर्डने हिंदूंचा इतिहास, वाङ्मय आणि देवदेवता यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या समाजाचे चित्र इतके काळे रंगवले आहे की वाचताना आजही मन विटते. हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐका, कारण पुढचे आश्चर्यकारक आहे.

त्यांच्या योजनेत केंद्रस्थानी इंग्रजी नव्हती, संस्कृत होती. ख्रिस्ती झालेल्या तरुणाने संस्कृत शिकावे, शास्त्रे मूळातून वाचावीत, पंडितांशी पंडितांच्या भाषेत बोलता यावे इतकी त्याची तयारी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी ही मोजक्या, निवडक मुलांसाठी. विज्ञान शिकवायचे ते देशभाषेतून. १८२१ साली जॉन मॅक नावाचा तरुण स्कॉट अध्यापक तेथे आला आणि त्याने रसायनशास्त्रावर लिहिलेले पुस्तक १८३४ साली बंगालीत निघाले. आरंभीच्या सदतीस विद्यार्थ्यांत एकोणीस ख्रिस्ती होते, बाकीच्यांत बहुसंख्य हिंदू.

आता याच्या शेजारी एक दुसरी घटना ठेवा. १८२३च्या डिसेंबरात राजा राममोहन रॉय यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲम्हर्स्ट यांना पत्र लिहिले. सरकार कलकत्त्यात संस्कृत कॉलेज काढत होते, त्याला त्यांचा विरोध होता. त्यांना गणित, रसायन, शरीरशास्त्र हवे होते. म्हणजे गंमत अशी की, हिंदू सुधारक म्हणतो संस्कृत पाठशाळा नको, आणि हिंदूंना बाटवायला निघालेला पाद्री म्हणतो संस्कृताशिवाय चालणार नाही! राममोहनांच्या विज्ञाननिष्ठेला मी दोष देत नाही. परंतु आपल्या विद्येचे मर्म कोठे आहे हे प्रतिपक्षाने आपल्याआधी ओळखले होते, ही गोष्ट मला बोचत राहते.

याच राममोहनांच्या संगतीत विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरी बायबलचे भाषांतर करायला बसला, आणि चर्चा करता करता राममोहनांचे म्हणणे त्यालाच पटले. १८२१ साली त्याने त्रिमूर्ती देवाचा ख्रिस्ती सिद्धांत सोडून दिला. मिशनऱ्यांच्या गोटात त्याला उपहासाने दुसरा पतित आदम म्हणत. धर्मांतर करायला आलेल्याचेच मतांतर झाले. वादाला समर्थ मनुष्य भेटला की काय होते याचे हे उदाहरण आहे.

कॉलेज निघाले, पण पदवीचा अधिकार कोणाचा? येथे या मंडळींनी दूरदृष्टी दाखवली. मार्शमन स्वतः कोपनहेगनला गेला, डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याला भेटला, आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजाने सनद दिली. कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांना पदव्या देण्याचे जे अधिकार होते, ते हुगळीकाठच्या या लहान कॉलेजला मिळाले. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठे स्थापन व्हायला अजून तीस वर्षे अवकाश होता.

१८३३ साली त्यांनी आपले नियम ठरवले. जात, वर्ण किंवा देश यांमुळे कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही, हा एक. प्रोटेस्टंट, रोमन कॅथलिक, ग्रीक, आर्मेनियन, कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा विद्यार्थी चालेल, आणि आपल्या आचारामुळे कॉलेजात राहणे ज्यांना शक्य नाही अशा हिंदू व मुसलमान मुलांना अध्ययनासाठी येता येईल, हा दुसरा. मात्र ख्रिस्ताचे देवत्व आणि मानवाच्या पापासाठी त्याने केलेले प्रायश्चित्त नाकारणाऱ्याला तेथे अधिकाराचे पद मिळणार नाही. ॲडमचे प्रकरण ताजे होते ना! म्हणजे दार सर्वांना मोकळे, पण घर कोणाचे याविषयी कसलाही संदेह नाही. शिकणाऱ्यावर श्रद्धेची अट नाही, शिकवणाऱ्यावर आहे. अशा धोरणाला आपल्याकडचे विचारवंत आज काय म्हणतील ते सांगायला नको. तेच धोरण एखाद्या हिंदू संस्थेने स्वीकारले, तर अग्रलेख किती येतील तेही सांगायला नको.

पुढे १८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर आणि त्रांकेबार ही ठाणी इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकून टाकली. गाव विकले गेले, राजा बदलला, निशाण बदलले. पण विक्रीच्या तहात एक कलम होते की, कॉलेजला सनदेने मिळालेले अधिकार अबाधित राहतील. आपल्या इतिहासात तह काय थोडे झाले? त्यांत तोफांची, खंडणीची, परगण्यांची कलमे आहेत. पाठशाळेच्या अधिकाराचे कलम मला तरी आढळलेले नाही.

आता पुण्याकडे या. श्रीरामपूरच्या परिपत्रकानंतर तीनच वर्षांनी, १८२१ साली, विश्रामबागवाड्यात एक पाठशाळा सुरू झाली. तिलाही इंग्रज हिंदू कॉलेज म्हणत. एल्फिन्स्टनच्या काळात, कमिशनर चॅप्लिनच्या पुढाकाराने ती निघाली आणि पेशवे विद्वानांना श्रावणात जी दक्षिणा वाटत त्या निधीतून तिचा खर्च चालू लागला. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक असे विषय तेथे होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा विद्वान त्या पाठशाळेत घडला. म्हणजे आरंभी श्रीरामपूर आणि पुणे यांत फार अंतर नव्हते. पुण्याची पाठशाळा तर अधिक मोठ्या परंपरेवर उभी होती.

परंतु या पाठशाळेला सनद नव्हती. तिची मालकी सरकारची होती. अधिकारी बदलला की धोरण बदले. एकेक शास्त्राचे आसन गळत गेले, इंग्रजीचे वाढत गेले. १८५१ साली ती इंग्रजी शाळेत मिसळून पूना कॉलेज झाले आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज. दक्षिणेच्या पैशांतून पुढे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. डेक्कन कॉलेजचा वाङ्मयीन लौकिक मी कमी लेखत नाही. टिळक-आगरकर तेथेच शिकले. पण शास्त्र शिकून शास्त्री होण्याची, आणि त्या शास्त्रित्वाला समाजमान्य पदवी मिळण्याची जी वाट होती, ती बुजली.

याचा सगळा दोष इंग्रजांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. १८४९च्या सुमारास पुण्यातल्याच सुशिक्षित तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, दक्षिणेचा पैसा लोकोपयोगी मराठी ग्रंथांसाठी वापरावा. लोकहितवादी त्या मंडळींत होते. जुन्या शास्त्रीमंडळींचा त्यावर संताप झाला. तरुणांची मागणी अयोग्य नव्हती आणि शास्त्रीमंडळींचा विषादही खोटा नव्हता. पण दोन्ही पक्षांनी दाद मागितली ती सरकारकडे. आपल्या विद्येचा निवाडा आपण बसून करावा, हे कोणाच्या मनात आले नाही.

१८५४ साली वुडचा खलिता आला. त्यात स्पष्ट म्हटले होते की, नव्या विद्यापीठांच्या पदवीपरीक्षांत धार्मिक श्रद्धेशी संबंधित विषय असणार नाहीत. या एका वाक्याने हिंदू धर्मशास्त्र विद्यापीठाच्या बाहेर गेले. संस्कृत राहिली, पण भाषा म्हणून. उपनिषदे राहिली, पण प्राचीन वाङ्मय म्हणून. ख्रिस्ती धर्मशास्त्रही बाहेर गेलेच. पण त्याला जाण्यासाठी एक घर होते. श्रीरामपूरच्या कपाटात सनद होती.

हे कपाट पुष्कळ वर्षे बंदच होते, हेही सांगितले पाहिजे. कॉलेजचे कला शाखेचे वर्ग कलकत्ता विद्यापीठाला जोडले गेले, मध्यंतरी ते बंदही पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज हॉवेल्स या प्राचार्याने संस्थेला नवा जीव दिला. १८२७च्या सनदेवर धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या त्या १९१५ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षे सनद नुसती जपून ठेवली होती! १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने श्रीरामपूर कॉलेज कायदा केला. त्याने बॅप्टिस्टांपुरत्या या संस्थेत इतर पंथांना स्थान मिळाले आणि अभ्यासक्रम व परीक्षा पाहणारे सिनेट निर्माण झाले. आजही धर्मशास्त्राच्या पदव्या हेच सिनेट देते.

त्याच सुमारास, १९१५ साली, महामना मालवीयांच्या तपश्चर्येला फळ येऊन बनारस हिंदू विद्यापीठाचा कायदा झाला. केवढा भव्य संकल्प होता तो! हिंदू विद्यार्थ्यांना धर्मशिक्षण अनिवार्य असावे अशी तरतूद त्यात होती. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेचा २८वा अनुच्छेद आला. संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. १९५१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि धर्मशिक्षणाची अनिवार्यता गेली. विद्यापीठ मोठे झाले, केंद्रीय झाले, त्याला अनुदान मिळाले, आणि ज्या हेतूने मालवीयजींनी राजेरजवाड्यांपुढे झोळी पसरली तो हेतू एका विद्याशाखेच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तीनच वर्षे मागून आलेले श्रीरामपूरचे सिनेट लहान राहिले. त्याने सरकारच्या पैशावर आपली धर्मविद्या उभी केली नाही, म्हणून तिला कोणी हात लावला नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. कॅरेला फोर्ट विल्यममध्ये आरंभी महिना पाचशे आणि पुढे हजार रुपये पगार होता. त्या काळी ही रक्कम संपत्ती म्हणावी अशी होती. मार्शमन पतिपत्नींच्या निवासी शाळेचे उत्पन्न होते, वॉर्डच्या छापखान्याचे होते. हे सगळे एका सामाईक निधीत जाई आणि प्रत्येक जण त्यातून निर्वाहापुरते घेई. कॉलेजची ती स्तंभांची भव्य वास्तू मुख्यतः याच पैशातून उभी राहिली. नंतरच्या काळात परदेशी मिशनांच्या पैशाचा आधार मोठा झाला, आणि परदेशी पैशाबरोबर परदेशी धोरण येते हा आपला आक्षेप आजही योग्यच आहे. परंतु पहिली वीट स्वतःच्या मिळकतीची होती.

आता आजचा अभ्यासक्रम. देशभरातील पन्नासहून अधिक धर्मशास्त्र महाविद्यालये या सिनेटला जोडलेली आहेत. बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, चेन्नईचे गुरुकुल, ऐझॉल, नागालँडमधील मोकोकचुंग आणि आपल्या पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरीही. लूथरन, अँग्लिकन परंपरेचे, मार थोमा, केरळचे ऑर्थोडॉक्स... एकमेकांच्या प्रार्थनापद्धती ज्यांना शतकानुशतके मान्य नव्हत्या, ते सगळे एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. आपापल्या चर्चची शिफारस घेऊन विद्यार्थी येतो. जुना करार, नवा करार, ख्रिस्ती धर्मसिद्धांत, चर्चचा इतिहास, प्रवचन आणि समुपदेशन यांबरोबर हिब्रू-ग्रीक या मूळ भाषांची ओळख त्याला करून घ्यावी लागते. सुटीच्या दिवशी वस्तीत, रुग्णालयात, मंडळीत प्रत्यक्ष काम करावे लागते. काही पदव्यांचे अध्यापन प्रादेशिक भाषांतून होते.

यात एक शाखा आहे, तिचे नाव 'धर्म'. तिच्यात हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम आणि वनवासींच्या परंपरागत श्रद्धा यांचा अभ्यास आहे. बी.डी.च्या विद्यार्थ्याला त्याची ओळख सक्तीची आणि पुढे एम.टीएच.पर्यंत त्यात विशेष अभ्यास करता येतो. शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांच्यातला भेद काय, भक्तिमार्गाचे स्वरूप काय, आर्य समाज आणि रामकृष्ण मिशन यांचे म्हणणे काय, हे त्या विद्यार्थ्याला परीक्षेत लिहावे लागते. आता मनाला विचारा. आपला पौरोहित्य शिकणारा तरुण, आपला कीर्तनकार, आपला प्रवचनकार, यांपैकी कितीजणांनी मत्तयचे शुभवर्तमान अथपासून इतिपर्यंत वाचले आहे? कुराणाचे राहू द्या. मध्वाचार्यांचे मत तरी कितीजण चार वाक्यांत सांगू शकतील?

भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन असाही एक विषय तेथे आहे. त्यात ब्रह्मबांधव उपाध्याय भेटतात आणि नीळकंठशास्त्री गोऱ्हेही. गोऱ्हे हे काशीत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. जॉन म्यूरने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू धर्मावर टीका केली, तेव्हा तिला संस्कृतातच उत्तर देणाऱ्यांत हा तरुण पंडित होता. त्याने 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. आणि तोच १८४८ साली ख्रिस्ती झाला आणि पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्याने आपल्या दर्शनांचे खंडन केले. खंडन ते लोक शिकवतात. मंडन लिहिणाराही तोच मनुष्य होता, त्याचा तो पहिला ग्रंथ आपल्या किती पाठशाळांत शिकवला जातो?

आणखी एक प्रकरण आहे, ते मी टाळू शकत नाही. १९८१ साली बंगळूरच्या त्या कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिले. त्यातून 'दलित धर्मशास्त्र' हा विचार पुढे आला आणि तो आज या अभ्यासक्रमात रुजला आहे. निर्मळांचे म्हणणे असे की, भारतातील ख्रिस्ती बहुसंख्येने दलित मूळचे, पण भारतीय ख्रिस्ती चिंतन मात्र वेदान्ताशी संवाद करण्यात दंग राहिले. धर्मशास्त्राचा आरंभ दलितांच्या वेदनेपासून व्हायला हवा. यात हिंदू समाजावर आरोप आहे, आणि जातीच्या दुखण्याचा उपयोग समाज तोडण्यासाठी होतो ही आपली तक्रारही मला मान्य आहे. पण हा आरोप चर्चवरही होता, हे विसरू नका. बाप्तिस्मा घेऊनही जात सुटली नाही, असे त्यांच्याच माणसाने त्यांच्याच व्यासपीठावरून सांगितले, आणि त्यांनी ते दडपले नाही, त्याचा विषय केला, त्यावर प्रबंध लिहवून घेतले. आपल्याकडे सावरकरांनी १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे केले. १९६९ साली उडुपीला श्रीगुरुजींच्या प्रेरणेने धर्माचार्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही असे एकमुखाने सांगितले. या घटना आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. वेदपाठशाळेतला विद्यार्थी त्या शिकतो का? उडुपीचा ठराव कोणत्या शास्त्रीय आधारांवर उभा होता, हे त्याला परीक्षेत विचारले जाते का? ठराव करून आपण थांबलो, आणि म्हणून ज्याने त्याने आपापल्या गावी जुनेच चालू ठेवले.

आपल्याकडे माणसे नव्हती असे नाही. १८५७च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद करीत. ऐकायला गर्दी लोटे. बुवांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ पाहिलेले होते आणि उत्तर देताना ते अडखळत नसत. पुढे 'वेदोक्त धर्मप्रकाश' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. १८७१ साली ते गेले आणि ती वादविद्या त्यांच्याबरोबर गेली. त्यांचा शिष्यवर्ग तयार करणारी शाळा निघाली नाही.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे उदाहरण याहून बोलके आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती वाढवली. विनोबा तेथे शिकून गेले. धर्मकोशाचे प्रचंड काम तेथे झाले. त्या पाठशाळेतल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांना आपण सर्वजण तर्कतीर्थ म्हणून ओळखतो. ही तर्कतीर्थ पदवी कोठली? वाईची नव्हे. १९२३ साली त्यांनी ती परीक्षा दिली कलकत्त्याच्या सरकारी संस्कृत संस्थेची. न्यायशास्त्र शिकवण्याचे सामर्थ्य कृष्णाकाठी होते, पण पदवी आणायला हुगळीकाठी जावे लागले, आणि तीही सरकारच्या दारात.

अलीकडे परिस्थिती बदलते आहे. २०२२ साली बनारस हिंदू विद्यापीठाने हिंदू अध्ययनाचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला. अन्य विद्यापीठेही त्या वाटेने निघाली आहेत. याचे स्वागतच आहे. पण सरकारने दिलेले सरकार काढून घेऊ शकते, हा विश्रामबागवाड्याचा धडा आहे. शिवाय त्या एम.ए.मधून अभ्यासक निघेल, धर्मकार्य करणारा निघेलच असे नाही. तिकडे पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या इच्छुकांना पौरोहित्य शिकवले, अर्थ सांगून संस्कार करण्याची रीत घातली. ते काम मोलाचे आहे. मात्र वेदपाठशाळा वेगळी, कीर्तनाची शाळा वेगळी, वारकरी शिक्षण संस्था वेगळी, हिंदू अध्ययन वेगळे. यांची तोंडे एकमेकांकडे नाहीत. केरळचा ऑर्थोडॉक्स आणि मिझोरामचा प्रेस्बिटेरियन एका परीक्षेला बसू शकतात. आपल्याकडे मात्र आळंदीचा विद्यार्थी आणि नाशिकच्या वेदपाठशाळेचा विद्यार्थी एका बाकावर बसलेले मी पाहिलेले नाहीत.

कोणी म्हणेल, आपला धर्म चर्चसारखा संघटित नाही, आपल्याकडे एक ग्रंथ नाही, एक आचार्य नाही, मग एक परीक्षा कशी होणार? आक्षेप वजनदार आहे. सर्वांना एका साच्यात घालणारी परीक्षा मलाही नको. परंतु आपल्या पूर्वजांनी मतभेद असतानाही पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड फोडले नाही. ती रीत हीच परीक्षा होऊ शकते. वारकऱ्याने अद्वैताचा पूर्वपक्ष लिहावा, वैदिकाने ज्ञानेश्वरीतला भक्तिविचार लिहावा, दोघांनी मिळून बायबल आणि कुराण यांच्या मुख्य सिद्धांतांवर एक प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि दोघांना अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राधार देऊन उत्तर लिहावे लागावे. शास्त्रीही तपासतील आणि कीर्तनकारही तपासतील.

माझी विनंती एवढीच आहे की, या वर्गाला आलेल्यांपैकी जे पाठशाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, त्यांनी येत्या चातुर्मासात एकदा एकत्र बसावे. सरकारकडे अर्ज करू नये, अनुदान मागू नये. चार प्रश्नपत्रिका काढाव्यात आणि पुढच्या वर्षी परीक्षा घ्यावी. पदवीचे नाव काय ठेवायचे ते नंतर पाहू. पहिल्या वर्षी वीस विद्यार्थी बसले तरी पुरे. श्रीरामपूरला सदतीस होते.